खरे, खोटे आणि विधान: तर्कशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी पहिली पावले

खरा मित्र, खोटी सही, खरे सोने, खोटा दात, खरे झालेले स्वप्न अशा अनेक ठिकाणी आपण खरे आणि खोटे हे शब्द माणसांना व वस्तूंना सहज लावतो आणि त्याने कोणाचेही काही अडत नाही. तर्कशास्त्रात मात्र या शब्दांची हद्द फार लहान आहे. तिथे ते फक्त विधानाला लागतात. महाराष्ट्रात बारावीच्या गणिताच्या पुस्तकातले पहिलेच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचे असते, त्यामुळे सत्यता सारणीत (विधान कधी खरे व कधी खोटे ठरते ते मांडणाऱ्या तक्त्यात) ‘टी’ म्हणजे खरे आणि ‘एफ’ म्हणजे खोटे भरण्याची सवय अनेकांना झालेली असते. ती सारणी नोटिशीतल्या, जाहिरातीतल्या किंवा भांडणातल्या वाक्याला कशी लावायची, हे मात्र बहुधा शिकायचे राहून जाते. माझ्या मते नवशिक्याची अडचण ‘हे खरे आहे का’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना क्वचितच होते. तो प्रश्न नेमका कशाला विचारायचा, हे न ठरवल्यामुळे ती होते. म्हणून पुढील पायऱ्यांपैकी बहुतेक पायऱ्या त्या प्रश्नाच्या आधी करायच्या तयारीच्या आहेत.

पहिली पायरी: समोर विधान आहे की नाही ते पाहा

‘दार लाव’, ‘किती वाजले?’, ‘वा, काय सूर लागला आहे!’ ही वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहेत, पण त्यांतले एकही खरे किंवा खोटे असू शकत नाही. आज्ञा पाळली जाते किंवा मोडली जाते. प्रश्नाला उत्तर मिळते किंवा मिळत नाही. ॲरिस्टॉटलने प्रार्थनेचे उदाहरण देऊन हेच सांगितले होते की प्रार्थना हे वाक्य आहे, पण ती सत्यही नाही आणि असत्यही नाही. ज्या वाक्याबद्दल ‘असे आहे’ किंवा ‘असे नाही’ यांपैकी एक उत्तर अर्थपूर्णपणे देता येते, तेवढ्यालाच विधान म्हणायचे.

रूपावरून मात्र फसू नये. ‘मी काय मूर्ख आहे?’ हा प्रश्नाच्या वेषातला नकार आहे, आणि ‘येथे वाहने उभी केली जात नाहीत’ ही विधानाच्या वेषातली आज्ञा आहे. त्या फलकाखाली दोन स्कूटर उभ्या असल्या म्हणून फलक खोटा ठरत नाही. एक नियम मोडला गेला आहे, इतकेच.

दुसरी पायरी: विधान पुरे करून घ्या

बोलताना आपण अर्धे वाक्य परिस्थितीवर सोपवतो. ‘आज सुट्टी आहे’ हे वाक्य कोणी, कोठे आणि कोणत्या तारखेला म्हटले हे कळल्याशिवाय तपासताच येत नाही. ‘कळसूबाई उंच आहे’ हे सह्याद्रीत उभे राहून म्हटले तर पटते आणि हिमालयात म्हटले तर हसे होते. ‘कळसूबाई शिखराची उंची समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे’ असे म्हटले की वाद मिटतो, कारण आता मोजमाप घेऊन ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येते. तेव्हा खरे-खोटे ठरवण्याआधी काळ, स्थळ, व्यक्ती आणि ‘कोणाच्या तुलनेत’ या जागा भरून घ्याव्यात.

काही विधाने मात्र या जागा भरल्यावरही अडतात, कारण ती एखादी गोष्ट गृहीत धरून बोलतात. ‘१९५५ साली महाराष्ट्र राज्याचा मुख्यमंत्री मराठी होता’ हे वाक्य घ्या. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. १९५५ साली मुंबई राज्य होते. मग हे वाक्य खोटे आहे, की त्याला खरे-खोटे म्हणण्याचा प्रसंगच येत नाही? अशाच एका वाक्यावर, म्हणजे राजा नसलेल्या फ्रान्सबद्दलच्या ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ या वाक्यावर, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ मध्ये ‘असत्य’ असा निर्णय दिला. त्यांच्या मते त्या वाक्यात ‘असा एक राजा आहे’ हा दावा दडलेला आहे आणि तो खोटा आहे. पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९५० मध्ये त्याला हरकत घेतली आणि म्हटले की जिथे गृहीतकच ढासळलेले आहे तिथे खरे-खोटेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. व्यवहारात मला रसेल यांची रीत अधिक उपयोगी वाटते, कारण ती आपल्याला दडलेला दावा वर काढायला भाग पाडते. ‘तुम्ही थकबाकी भरायचे केव्हापासून टाळता आहात?’ असे कोणी विचारले, तर तारीख सांगू नये. आधी ‘मी थकबाकी टाळतो’ हे दडलेले विधान वेगळे काढावे आणि ते तपासावे.

तिसरी पायरी: बोलणाऱ्याला बाजूला ठेवा

ही पायरी बहुतेकांना सर्वांत जड जाते. विधान खरे असणे, ते खरे असल्याचे कोणाला माहीत असणे आणि बोलणाऱ्याने ते प्रामाणिकपणे सांगणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या दोहोंतला फरक लोणारवरून नीट दिसतो. बुलढाणा जिल्ह्यातील त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि ते बेसाल्ट खडकात आहे. सभोवती ज्वालामुखीजन्य खडकच असल्याने ते विवरही ज्वालामुखीचेच असावे, असे अनेक अभ्यासकांना दीर्घ काळ वाटत होते. पुढे, विशेषतः १९७० च्या दशकात, प्रचंड आघाताशिवाय निर्माण होत नाहीत अशा खुणा तिथल्या खडकांत सापडल्या आणि ते उल्कापाताने झाले हे मान्य झाले. मग ‘लोणारचे विवर उल्कापाताने झाले आहे’ हे विधान कधी खरे झाले? ते नव्याने खरे झाले नाही. १९०० साली ते कोणी उच्चारले असते तरी खरेच ठरले असते. पुरावा तेवढा हाती आला नव्हता. ‘त्या वेळी ते खरे नव्हते’ असे आपण बोलीत म्हणतो तेव्हा ‘त्या वेळी ते सिद्ध झालेले नव्हते’ एवढेच आपल्याला म्हणायचे असते, आणि लिहिताना तसेच लिहावे.

दुसरा फरक असत्य आणि लबाडी यांतला आहे. चुकीच्या घड्याळावर विश्वास ठेवून ‘पाच वाजले’ म्हणणारा असत्य बोलतो, पण लबाड नसतो. कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम १९१ मध्ये, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ मध्ये, खोट्या साक्षीची व्याख्या करताना विधान खोटे असणे एवढे पुरेसे धरलेले नाही. ते खोटे आहे हे साक्षीदाराला माहीत असले पाहिजे, किंवा तसे वाटत असले पाहिजे, किंवा ते खरे असल्याचा विश्वास त्याला नसला पाहिजे.

उलट बाजू अधिक मनोरंजक आहे: वाक्य सत्य आणि हेतू फसवणुकीचा. द्रोणपर्वात भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो, आणि द्रोणांनी विचारल्यावर युधिष्ठिर अश्वत्थामा मारला गेल्याचे मोठ्याने सांगून ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्टपणे उच्चारतो. मराठीत ‘नरो वा कुंजरो वा’ ही म्हण त्यातूनच रुळली. अक्षरशः पाहिले तर त्याचे विधान असत्य नव्हते. तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे महाभारत सांगते. म्हणजे कथेने न्याय माणसाचा केला आहे, वाक्याचा नाही. तर्कशास्त्र वाक्याचा निवाडा करते आणि तिथेच थांबते. बोलणाऱ्याचा निवाडा करायला नीतिशास्त्र किंवा न्यायालय आहे. दोन्ही निवाडे करावेत, पण एकाच दमात करू नयेत.

चौथी पायरी: नकार नेमका करा

एखादे विधान खोटे आहे असे म्हणताना आपण त्याचा नकार खरा मानत असतो, म्हणून नकार चुकला की पुढचे सगळे चुकते. आणि मराठीत नकार करणे वाटते तितके सोपे नाही.

गृहनिर्माण संस्थेच्या सभेच्या इतिवृत्तात ‘सर्व सभासद उपस्थित नव्हते’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ काय घ्यायचा? एकही सभासद आला नव्हता, की काही आले होते आणि काही आले नव्हते? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून किंवा ‘सगळेच’ मधल्या ‘च’ वर दिलेल्या जोरावरून हेतू कळतो. कागदावर तो आधार नसतो. पहिला अर्थ हवा असेल तर ‘एकही सभासद उपस्थित नव्हता’ आणि दुसरा हवा असेल तर ‘काही सभासद अनुपस्थित होते’ असे लिहिल्याने पुढचे वाद टळतात. यांपैकी ‘सर्व सभासद उपस्थित होते’ या विधानाचा तर्कशास्त्रीय नकार दुसरा आहे: किमान एक सभासद अनुपस्थित होता. ‘सर्व’ असलेले विधान पाडायला एकच अपवाद पुरतो.

घरातल्या वादांत हा नियम रोज मोडला जातो. ‘तू नेहमी उशिरा येतोस’ या आरोपाला उत्तर म्हणून ‘मी नेहमी वेळेवर येतो’ असे म्हणणारा विनाकारण स्वतःवर ओझे घेतो. आरोप खोटा ठरवण्यासाठी तो एक दिवस जरी वेळेवर आला असेल तरी भागते, पण आता त्याने केलेला दावाही एका उशिराच्या दिवसाने कोसळणार आहे. दोन्ही दावे एकाच वेळी खोटे असू शकतात, आणि बहुतेक घरांत ते तसे असतातच. त्याचप्रमाणे ‘तो श्रीमंत नाही’ याचा अर्थ ‘तो गरीब आहे’ असा होत नाही. विरुद्ध टोकाचे विधान आणि नकार यांत हाच फरक आहे: विधान आणि त्याचा नकार यांपैकी नेमके एक खरे असते, विरुद्ध टोकांची दोन विधाने मात्र दोन्हीही खोटी असू शकतात.

‘आणि’ असलेल्या वाक्याचा नकारही असाच फसवा आहे. ‘उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला दोन्ही जोडले आहेत’ याचा नकार ‘दोन्हींपैकी किमान एक जोडलेला नाही’ असा होतो. अर्जावर मात्र ‘दोन्ही दाखले जोडलेले नाहीत’ असा शेरा येतो, आणि एक आणायचा की दोन, हे अर्जदाराला कळत नाही. ‘आणि’चा नकार करताना ‘किंवा’ येतो व ‘किंवा’चा नकार करताना ‘आणि’ येतो, हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. जाता जाता सांगायचे तर, हे इंग्रज गणितज्ञ १८०६ साली मदुराईत जन्मले होते.

पाचवी पायरी: जोडशब्दांचा तर्कातला अर्थ ओळखा

‘आणि’बद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, दोन्ही भाग खरे असतील तरच पूर्ण विधान खरे. फक्त बोलीतला ‘आणि’ क्रमही सुचवतो (‘ती जेवली आणि झोपली’), तर्कातला तो सुचवत नाही. ‘किंवा’ तर्कात समावेशक असतो: किमान एक भाग खरा असला की पुरे, दोन्ही असले तरी चालतात. ‘आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र आणावे’ म्हटल्यावर दोन्ही घेऊन आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. निवड करायला लावायची असते तेव्हा मराठीत बहुधा ‘की’ येतो. ‘चहा घेणार की कॉफी?’ याला ‘हो’ हे उत्तर चालत नाही.

खरी कसोटी ‘जर–तर’ची. तर्कात हे विधान एकाच परिस्थितीत असत्य ठरते: ‘जर’चा भाग खरा असून ‘तर’चा भाग खोटा असेल तेव्हा. हे अंगवळणी पडण्यासाठी एसटीच्या गाडीत तिकीट तपासनीस चढला आहे अशी कल्पना करा. अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेचे मोफत तिकीट ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच मिळते. म्हणजे नियम असा की जर तिकीट त्या योजनेचे असेल, तर प्रवाशाचे वय किमान ७५ असले पाहिजे. समोर चार प्रवासी आहेत. पहिल्याच्या हातात त्या योजनेचे तिकीट दिसते, पण मफलरमुळे वयाचा अंदाज येत नाही. दुसऱ्याच्या हातात पूर्ण भाड्याचे तिकीट आहे आणि वय कळत नाही. तिसरे आजोबा उघडच ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांचे तिकीट मात्र दिसत नाही. चौथी विशीतली विद्यार्थिनी आहे, तिचेही तिकीट दिसत नाही. हाच एक नियम पाळला गेला आहे का हे पाहायचे असेल, तर तपासनिसाने कोणाकडे वळावे?

पहिल्याचे वय आणि चौथीचे तिकीट, एवढेच पाहणे आवश्यक आहे. पूर्ण भाडे भरणाऱ्याचे वय काहीही असो, नियम मोडत नाही. आजोबांनी मोफत तिकीट घेतले असो वा पैसे भरून, तरीही मोडत नाही, कारण नियम ‘७५ पूर्ण असेल तर मोफत तिकीटच घेतले पाहिजे’ असे म्हणत नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये अक्षरे आणि अंक लिहिलेल्या पत्त्यांवर हीच रचना मांडली तेव्हा बहुतेक लोक चुकले. ओळखीच्या सामाजिक नियमावर तीच रचना दिली की उत्तरे पुष्कळ सुधारतात, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. म्हणून एखादे ‘जर–तर’ समजत नसेल तर त्यात तिकीट आणि वय घालून पाहावे.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे ‘जर–तर’ उलटे वाचणे. ‘जर तू पहिला आलास, तर सायकल घेऊन देईन’ असे म्हणणाऱ्या वडिलांनी दुसऱ्या आलेल्या मुलाला सायकल दिली तर त्यांचे विधान खोटे ठरत नाही. बोलीत आपण ‘नाहीतर नाही’ हा भाग मनाने जोडून घेतो, आणि मुलेही तो तसाच ऐकतात. भूमितीत मात्र असा भाग आपोआप जोडता येत नाही, म्हणूनच तिथे प्रमेयाचा व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो.

सहावी पायरी: सांगितलेले आणि सुचवलेले वेगळे करा

एखाद्या शिकवणी वर्गाने जाहिरात दिली की ‘नापास झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे शुल्क आम्ही परत केले आहे’. त्या वर्गात आजवर कोणीच नापास झालेले नसेल तर हे विधान खरे आहे, कारण ते खोटे ठरवायला शुल्क परत न मिळालेला एक नापास विद्यार्थी लागतो आणि तसा कोणीच नाही. अशा सत्याला रिक्त सत्य म्हणता येईल. वाचणाऱ्याला वाटते की काही जण नापास झाले आणि त्यांना पैसे मिळाले. ते जाहिरातीने म्हटलेले नाही, सुचवलेले आहे. ‘काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ हेही असेच आहे: सगळे उत्तीर्ण झाले असले तरी तर्कदृष्ट्या ते खरे, पण ऐकणारा ‘सगळे नाही’ असा अर्थ घेतो. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याची उकल केली. बोलणारा पुरेशी आणि प्रसंगाला धरून माहिती देतो आहे, असे आपण धरून चालतो आणि त्या आधारावर न बोललेलेही ऐकतो.

सुचवलेला अर्थ ओळखण्याची एक सोपी खूण आहे: तो लगेच मागे घेता येतो. ‘काही उत्तीर्ण झाले, किंबहुना सगळेच झाले’ हे वाक्य चालते. ‘सगळे उत्तीर्ण झाले, किंबहुना एक नापास झाला’ हे चालत नाही.

सातवी पायरी: विधान आणि अनुमान यांची गल्लत करू नका

‘तुमचा युक्तिवाद खोटा आहे’ असे आपण म्हणतो, पण खरी-खोटी विधाने असतात. अनुमान युक्त किंवा अयुक्त असते: आधीची विधाने खरी असताना निष्कर्ष खोटा असूच शकत नसेल तर ते युक्त, नाहीतर अयुक्त. हे अनुमान पाहा: सर्व ज्योतिर्लिंगे महाराष्ट्रात आहेत; त्र्यंबकेश्वर हे ज्योतिर्लिंग आहे; म्हणून त्र्यंबकेश्वर महाराष्ट्रात आहे. निष्कर्ष खरा, अनुमान युक्त, आणि पहिले विधान साफ खोटे. आता ‘सर्व’ऐवजी ‘काही’ घाला. तिन्ही विधाने खरी झाली, पण अनुमान अयुक्त झाले. ते अयुक्त का, हे पाहायला त्र्यंबकेश्वराच्या जागी सोमनाथ घालावे: काही ज्योतिर्लिंगे महाराष्ट्रात आहेत, सोमनाथ ज्योतिर्लिंग आहे, म्हणून सोमनाथ महाराष्ट्रात आहे. पहिली दोन विधाने खरी राहिली आणि निष्कर्ष कोसळला. साचा तोच ठेवून नावे बदलायची आणि खऱ्या विधानांतून खोटा निष्कर्ष निघतो का ते पाहायचे, ही अनुमान तपासण्याची सर्वांत स्वस्त पद्धत आहे. आपल्याला पटणाऱ्या निष्कर्षावर ती आवर्जून वापरावी, कारण निष्कर्ष पटला की साच्याकडे लक्ष जात नाही.

जिथे या पायऱ्या अडखळतात

‘उद्या आरमारी लढाई होईल’ हे विधान आजच खरे किंवा खोटे आहे का, हा प्रश्न ॲरिस्टॉटलने विचारला होता. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनी १९२० मध्ये सत्य आणि असत्य यांच्या जोडीला तिसरे मूल्य मांडले, त्यामागे भविष्याविषयीच्या विधानांचाच विचार होता. जैन तर्कशास्त्रातील स्याद्वाद वेगळ्या वाटेने जातो. ‘स्यात्’ म्हणजे ‘एका दृष्टीने’ ही अट प्रत्येक विधानाला जोडून तो सात प्रकारची विधाने मांडतो. नवशिक्याने आरंभी द्विमूल्य तर्कच, म्हणजे सत्य आणि असत्य ही दोनच मूल्ये मानणारा तर्क, पक्का करावा. अडलेल्या विधानांपैकी बरीचशी दुसऱ्या पायरीवर, म्हणजे राहिलेल्या जागा भरल्यावर, सुटतात.

सगळी मात्र सुटत नाहीत. ‘हे वाक्य असत्य आहे’ या वाक्यात भरायला जागाच उरलेली नाही. ते खरे मानले तर खोटे होते आणि खोटे मानले तर खरे होते. तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की यांनी १९३३ मध्ये यावर भाषेचे स्तर वेगळे करण्याचा उपाय सांगितला: एखाद्या औपचारिक भाषेतील विधानांना सत्य किंवा असत्य म्हणायचे ते तिच्या वरच्या भाषेत, तिच्यातच नाही. मराठीत असा वरचा मजला वेगळा बांधलेला नाही. मराठीतल्या वाक्याला खरे-खोटे आपण मराठीतच म्हणतो. त्यामुळे बोलीभाषेत ही विसंगती कायमची निघून जात नाही, आणि तिच्यावर काय करावे याबद्दल तर्कशास्त्रज्ञांत अजून एकमत झालेले नाही.